आप्पांना घेऊन वासोट्याला: दुसऱ्या खेपेला जमलं

वासोटा म्हणजे कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयापलीकडचा, जंगलातला किल्ला. बामणोलीतून तिथे बोटीने जातात. पहिल्या खेपेला आम्ही बामणोलीत पोचलो तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. साताऱ्यात नाश्ता रेंगाळत केला, कासला थांबलो, आणि वनखात्याच्या कार्यालयात शिरल्यावर तिथल्या माणसाने हिशोबच मांडला. बोटीला जाऊन-येऊन अडीच-तीन तास, सोबत ७२ वर्षांचे आप्पा म्हणजे चढाईलाही तेवढेच, मग उतरणार कधी? अभयारण्यात अंधार पडल्यावर कुणाला थांबू देत नाहीत, मुक्कामाचा तर प्रश्नच नाही. परवानगी मिळाली नाही. बरोबरच होतं त्यांचं. आप्पा काही बोलले नाहीत, पण साताऱ्यापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

वासोट्याला अनेक जण जातात, पण आप्पांचं जाणं वेगळं होतं. आमचं मूळ गाव कोयनेच्या खोऱ्यातलं. धरणाचं पाणी चढू लागलं तेव्हा आप्पा आठ वर्षांचे होते. आमच्या घराला रायगड जिल्ह्यात जमीन मिळाली आणि गाव शिवसागराच्या पोटात गेलं. लहानपणी गुरांमागे फिरताना त्यांना वासोटा रोज दिसायचा. वर कधी गेले नव्हते. "येकदा वर जाऊन खाली बघायचंय," एवढंच ते म्हणायचे.

दुसऱ्या खेपेला जानेवारी निवडला. पावसाळ्यात ही वाट बंद असते, आणि पाऊस संपल्यासंपल्या गेलं तर ओल्या पाचोळ्यात जळवा. जानेवारीत वाट सुकलेली, ऊन सोसण्यासारखं. आदल्या रात्री बामणोलीतच मुक्काम केला. सकाळी कार्यालय उघडायच्या आधी दारात उभे. प्रत्येकाचं नाव, वय, ओळखपत्र, शुल्क, आणि कोणती बोट. बोट अख्खीच ठरवावी लागते, ती आपल्यासाठी पलीकडे थांबून राहते. आम्ही तिघेच होतो, म्हणून पुण्याच्या चार मुलांना विचारलं आणि भाडं वाटून घेतलं. डबा, पाणी, आप्पांची काठी, गुडघ्याचा पट्टा, सगळं एका पिशवीत. पलीकडे दुकान नाही, हे ज्यांना माहीत नसतं त्यांचे फार हाल होतात.

बोट सुटली तसे आप्पा लाइफ जॅकेट घालून पुढे जाऊन बसले. मधेच नावाड्याला म्हणाले, "पाव्हणं, इथं डाव्या अंगाला टेकाड हुतं, त्येच्या खाली वढा." नावाडी तिशीतला असेल. त्याने इंजिन थोडं मंद केलं आणि म्हणाला, "बाबा, उन्हाळ्यात पाणी लई उतरलं की ते टेकाड वर निघतं. जोती दिसतात घरांची." आप्पांनी मान हलवली आणि पाण्यात हात बुडवून ठेवला. मी त्यांना काही विचारलं नाही.

पलीकडे मेट इंदवली. मेट म्हणजे किल्ल्याच्या घेऱ्यातली पहाऱ्याची चौकी. आज त्याच जागी वनखात्याची चौकी आहे, हे मला फार योग्य वाटलं. इथे पिशव्या उघडून प्लॅस्टिक मोजतात. पाण्याच्या बाटल्या, बिस्किटांचे पुडे, सगळं वहीत लिहितात आणि अनामत घेतात. उतरल्यावर तेवढंच परत दाखवलं की पैसे परत. पुण्याच्या मुलांपैकी एकाला हे जाच वाटलं. मी मात्र वरपर्यंतची वाट पाहिली आणि त्या वहीला मनोमन नमस्कार केला. सह्याद्रीत इतकी स्वच्छ वाट मी दुसरी पाहिलेली नाही.

ओढा ओलांडला की मारुती आणि गणपती भेटतात. तिथून दाट जंगल. कोयना अभयारण्य १९८५ चं, २०१० मध्ये चांदोलीसह त्याचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत नाव गेलं. ही माहिती वाचून गेलो होतो, पण आत शिरल्यावर जाणवला तो गारवा. भर दहा वाजता उन्हाचे नुसते कवडसे. जांभूळ, अंजनी, पिसा, हिरडा, आणि झाडांवरून लोंबणाऱ्या मनगटाएवढ्या वेली.

वाटाड्या सोबत घेतला होता, आणि तो घ्याच असं मी सांगेन. वाट चुकण्याची भीती फारशी नाही, पण तो नसता तर मला त्या जंगलात काहीच दिसलं नसतं. मातीतल्या एका खळग्याजवळ तो थांबला. गव्याचा खूर, आपल्या बैलाच्या खुराहून केवढा तरी मोठा. पुढे उकरलेलं वारूळ. "अस्वल. वाळवी खाऊन गेलंय." वाटेच्या मधोमध केस असलेली बिबट्याची विष्ठा. वाघाचं विचारू नका, असं त्याने स्वतःहूनच सांगितलं.

आप्पा दर शंभर-दीडशे पावलांना थांबायचे. आधी मला वेळेची चिंता वाटत होती. पण मुलं पुढे निघून गेली, त्यांचा आवाज विरला, आणि मग जंगल बोलू लागलं. खालून कुठून तरी कुत्र्यासारखं भुंकणं आलं. "भेकर," आप्पाच आधी म्हणाले, वाटाड्याच्याही आधी. चौसष्ट वर्षांनी! थोड्या वेळाने डोक्यावर फांद्या सळसळल्या आणि शेकरू दिसलं. तांबूस-तपकिरी पाठ, पोटाखाली पिवळसर पांढरं, अंगापेक्षा लांब झुपकेदार शेपूट. एका झाडावरून दुसऱ्यावर त्याने झेप टाकली तेव्हा मी श्वास रोखून धरला होता. ते जमिनीवर क्वचितच उतरतं. वर फांदीला फांदी जुळलेली असेल तरच ते जगू शकतं. शेकरू दिसलं म्हणजे त्या तुकड्यात कुऱ्हाड फिरलेली नाही असं समजावं.

नागेश्वराच्या गुहेतल्या देवळाकडे जाणारा फाटा आम्ही सोडला, एका दिवसात दोन्ही आम्हाला झेपणारं नव्हतं. शेवटच्या टप्प्यात कारवी लागली. आप्पांनी एक काडी चिमटीत धरली. "आमच्या घराच्या भिती याच्याच. कुडाच्या. वरून शेण-माती." सात वर्षांनी एकदा फुलणारी म्हणून कारवीचे फोटो आपण काढतो, त्यांच्यासाठी ती भिंत होती.

पडक्या दरवाजातून वर आलो तेव्हा एक वाजत आला होता. छप्पर नसलेला मारुती, पाण्याचं टाकं, महादेवाचं देऊळ. बाबूकड्याकडे गेलो, तिथे मात्र काठापासून लांब राहा, कडा सरळ तुटलेला आहे. समोर जुना वासोटा, शेजारचाच डोंगर. १८१८ मध्ये इंग्रजांनी तिथे तोफा चढवून हा किल्ला घेतला. आप्पांना त्यात रस नव्हता. त्यांना मी शिवसागर दिसतो त्या टोकाला नेलं. ते खाली बसले, भाकरी सोडली आणि कितीतरी वेळ त्या पाण्याकडे बघत जेवले. वर वारा होता, खाली नुसती हिरवी जंगलं आणि त्यांच्यात शिरलेली पाण्याची बोटं. बोटाने दाखवत त्यांनी एकेका वाडीची जागा सांगितली. माझ्या मोबाइलवरच्या नकाशात त्यातलं एकही नाव नव्हतं.

उतरणं चढण्यापेक्षा जड गेलं. सुक्या पाचोळ्यावरून पाय सटकतो, गुडघ्याचा पट्टा तेव्हा कामी आला. काठी एका हातात, माझा खांदा दुसऱ्या. चौकीवर पोचलो तेव्हा साडेचार झाले होते. बाटल्या मोजून दिल्या, अनामत घेतली.

परतीला ऊन कलतं होतं. एका खाडीसारख्या आत गेलेल्या जागी नावाड्याने काही न बोलता इंजिन बंद केलं आणि काठाकडे मान वळवली. पाण्याच्या कडेला गवताची सपाट पट्टी होती आणि त्यावर गवे चरत होते. मी सात मोजले, त्यातलं एक वासरू. काळेभोर, पायांना पांढरे मोजे घातल्यासारखे. एकाने मान वर करून आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा गवतात तोंड घातलं.

"सपाट हाय बघ," आप्पा हळूच म्हणाले. "बांध दिसतोय का? भाताचं खाचर हाय ते."

मी नीट पाहिलं. गवताखाली बांधाची रेघ होती, गव्यांच्या पायांखालून गेलेली. नावाड्याने बोट तशीच तरंगू दिली, गवे आपणहून झाडीत शिरेपर्यंत.