व्हिज्युअल बेसिक ६: प्रोग्राम चालेल, पण तो बदलायचा कशात?

मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल बेसिक ६ (व्हीबी ६) या भाषेत लिहिलेले प्रोग्राम सांभाळणे हा माझ्या कामाचा अजूनही मोठा भाग आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या दूध संस्था, पतसंस्था आणि खत-बियाण्यांची दुकाने हे माझे ग्राहक असून त्यांपैकी अनेकांचा रोजचा हिशेब आजही याच भाषेवर चालतो. ‘ही भाषा बंद झाली म्हणतात, मग आमच्या सॉफ्टवेअरचे काय?’ असे संस्थांचे सचिव लेखापरीक्षणाच्या सुमारास हमखास विचारतात. त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, कारण प्रोग्राम चालण्याची हमी ही एक गोष्ट आहे आणि तो बदलण्याची सोय ही दुसरी. पहिली आपल्याकडे अजून आहे. दुसरीची हमी २००८ सालीच गेली.

ही सहावी आवृत्ती १९९८ मध्ये आली. पडद्यावर खिडक्या, बटणे आणि तक्ते माउसने मांडायचे आणि त्यांच्यामागे सोप्या ओळी लिहायच्या, ही पद्धत या भाषेने १९९१ पासून रुजवली होती. ज्यांना सी भाषा येत नव्हती, पण हिशेब पक्का कळत होता, अशा असंख्य लोकांना त्यामुळे स्वतःचे सॉफ्टवेअर लिहिता आले. मग २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने प्रोग्राम लिहिण्याची डॉट नेट ही नवी व्यवस्था आणली, ३१ मार्च २००५ रोजी व्हीबी ६ चा मुख्य सपोर्ट संपला आणि ८ एप्रिल २००८ रोजी वाढीव सपोर्टही संपला. महाराष्ट्रात मूल्यवर्धित कर लागू झाला तो १ एप्रिल २००५ रोजी, म्हणजे मुख्य सपोर्ट संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी. राज्यभरातल्या दुकानांची बिले ज्या साधनात बदलायची होती, त्या साधनाकडे पाहायला कंपनी आदल्या दिवसापासून पूर्वीइतकी बांधील राहिलेली नव्हती. पुढे १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, तेव्हा वाढीव सपोर्ट संपूनही नऊ वर्षे उलटली होती. तरी एचएसएन कोडचे (मालाच्या वर्गवारीच्या क्रमांकाचे) आणि तिन्ही प्रकारच्या करांचे रकाने आम्ही त्याच साधनात बसवले. कायदे बदलतात, दर बदलतात, संस्थेचे पोटनियम बदलतात, त्यामुळे हिशेबाचा प्रोग्राम एकदा लिहून मोकळे होता येत नाही.

मायक्रोसॉफ्टने एक आश्वासन दिले आहे आणि ते पाळलेही आहे, हे सांगितले पाहिजे. व्हीबी ६ चे प्रोग्राम ज्यांच्या आधाराने चालतात त्या रनटाइमच्या मूळ फाइली विंडोजबरोबरच येतात, आणि विंडोज ११ वरही त्या चालतील, गंभीर बिघाड व सुरक्षेतील मोठ्या त्रुटी दुरुस्त केल्या जातील, असे कंपनीने जाहीर केलेले आहे. पंचवीस वर्षांपूर्वीचा प्रोग्राम आजच्या संगणकावर उघडतो, ही साधी गोष्ट नव्हे. मात्र प्रोग्राम लिहिण्याचे आणि दुरुस्त करण्याचे साधन, म्हणजे आयडीई, या आश्वासनात येत नाही. ते नव्या संगणकावर बसवायला खटपट करावी लागते, आणि तिथे काही अडले तर दाद मागायला जागा नाही.

मार्च २००५ मध्ये, मुख्य सपोर्ट संपण्याच्या तोंडावर, जगभरातल्या विकसकांनी मायक्रोसॉफ्टकडे एक याचिका दिली होती. कंपनीने स्वतःच एमव्हीपी हा मान दिलेल्या अनेक तज्ज्ञांच्या सह्या तिच्यावर होत्या. डॉट नेट नको, अशी त्यांची मागणी नव्हती. जुन्या भाषेची सुधारित आवृत्ती नव्या साधनातच सोबत ठेवावी, म्हणजे ज्याचे त्याला सवडीने पुढे जाता येईल, एवढेच त्यांचे म्हणणे होते. ते मान्य झाले नाही. नाव सारखे असले तरी व्हीबी डॉट नेट ही आतून वेगळी भाषा होती. त्यात कोणतीही माहिती ठेवता येणारा व्हेरियंट हा प्रकार गेला, पैशांसाठी खास असलेला करन्सी हा प्रकार गेला, एकाच नावाने अनेक बटणे-रकाने हाताळणारे कंट्रोल ॲरे गेले, पूर्णांकांचा इंटीजर हा प्रकार १६ बिटांवरून ३२ बिटांचा झाला, आणि एखादी वस्तू स्मृतीतून नेमकी कधी जाईल याचा हिशेबही बदलला. रूपांतर करणारा विझार्ड व्हिज्युअल स्टुडिओ २००८ पर्यंत मिळत होता. २०१० च्या आवृत्तीतून तो काढला गेला. त्याने केलेले रूपांतर ज्यांनी हाताळले आहे, त्यांना ‘यापेक्षा पुन्हा लिहिलेले बरे’ असे का वाटायचे, हे मी समजू शकतो.

पुन्हा लिहिणे मात्र बाहेरून दिसते तितके सोपे नाही. दूध संस्थेत सकाळ-संध्याकाळ संकलन होते. उत्पादकाचे दूध काट्यावर जाते, वजन आणि टेस्टरने मोजलेले फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले इतर घन घटक) सिरियल पोर्टमधून संगणकात येतात, दरपत्रकातून दर निघतो आणि पावती बाहेर पडते. हे सगळे रांग न खोळंबता व्हावे लागते. पोर्टमधून आकडे वाचणारे एमएसकॉम हे कंट्रोल ३२ बिटांचे आहे आणि ते प्रोग्रामबरोबर वेगळे बसवून नोंदवावे लागते. पण खरी अडचण यंत्रांची नसते, ती पैशांच्या हिशेबात असते. एका संस्थेत जुना प्रोग्राम आणि पीएचपी या भाषेत लिहिलेला नवा प्रोग्राम काही काळ समांतर चालवले, तेव्हा दहा दिवसांच्या बिलात काही उत्पादकांच्या रकमा एक-दोन पैशांनी जुळेनात. कारण सापडले ते राउंड या फंक्शनमध्ये. व्हीबी ६ चे राउंड बरोबर मध्यावर असलेला आकडा जवळच्या सम संख्येकडे नेते, म्हणजे २.५ चे २ होतात आणि ३.५ चे ४, पीएचपीमध्ये २.५ चे ३ होतात. त्याच व्हीबी ६ मधले फॉरमॅट हे फंक्शन मात्र २.५ चे ३ च करते, त्यामुळे जुन्या प्रोग्राममध्ये कोणत्या ठिकाणी कोणते वापरले आहे, हे ओळ न् ओळ पाहावे लागले. संस्थेच्या कोणत्याही कागदावर हा नियम लिहिलेला नव्हता. सभासदांना इतकी वर्षे ज्या रीतीने पैसे मिळाले, तिची एकमेव नोंद म्हणजे तो प्रोग्राम.

मराठीत काम करणाऱ्यांच्या वाट्याला याहून अवघड एक गोष्ट आली आहे. व्हीबी ६ आतमध्ये मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या समान संकेतांत, ठेवते, परंतु तिची नेहमीची लेबले आणि टेक्स्टबॉक्स तो दाखवताना विंडोजच्या जुन्या संकेतसारणीत बदलतात, आणि देवनागरीसाठी विंडोजमध्ये तशी सारणी कधी नव्हतीच. त्यामुळे त्या काळी सगळ्यांनी पुण्याच्या सी-डॅकचे आयएसएम, श्रीलिपी अशा पॅकेजमधले फॉण्ट वापरले. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात, म्हणून फॉण्ट काढला की सभासदाचे नाव म्हणजे निरर्थक रोमन अक्षरांची रांग उरते. या तुकड्यांचा क्रम दिसण्याचा असतो, उच्चाराचा नसतो. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते, म्हणून आधी साठवली जाते, आणि सभासदांची अकारविल्हे यादी मागितली की किसन, विठ्ठल आणि शिवाजी एकाच घोळक्यात येतात. युनिकोडमध्ये नेताना वेलांटी मागे न्यावी लागते, रफार पुढे आणावा लागतो, अर्धी अक्षरे जोडावी लागतात, आणि प्रत्येक पॅकेजची सारणी वेगळी असल्यामुळे एका संस्थेसाठी केलेले काम दुसरीला तसेच्या तसे लागू पडत नाही. रूपांतर झाल्यावरही नावे माणसाने वाचून तपासावी लागतात, कारण पतसंस्थेत नावातले एक अक्षर चुकले तर ठेवीच्या पावतीवरून आणि वारसाच्या नोंदीवरून वाद होऊ शकतो. तंत्रज्ञानाचे निर्णय घेणाऱ्यांच्या खर्चाच्या अंदाजात हे काम कधी धरले गेले असेल, असे मला वाटत नाही.

ज्यांनी कंपनीचे ऐकून स्थलांतर केले, ते तरी सुखी झाले का? व्हीबी डॉट नेटमध्ये गेलेल्यांना मार्च २०२० मध्ये कळले की, भाषा म्हणून तिचा यापुढे विकास करण्याचा मायक्रोसॉफ्टचा विचार नाही. फॉक्सप्रो या मायक्रोसॉफ्टच्याच डेटाबेस भाषेत काम करणाऱ्यांना तर २००७ मध्येच पुढची आवृत्ती येणार नाही असे सांगितले गेले. स्पॅनिश भाषक विकसकांनी ‘मास फॉक्सप्रो’ ही मोहीम चालवली, तरी निर्णय बदलला नाही, आणि १३ जानेवारी २०१५ रोजी तोही सपोर्ट संपला. आता व्हीबीस्क्रिप्ट या विंडोजमधल्या छोट्या भाषेची पाळी आहे. २०२३ मध्ये ती कालबाह्य ठरवण्यात आली, आणि २०२४ मध्ये जाहीर झालेल्या टप्प्यांनुसार २०२७ च्या सुमारास ती विंडोजमध्ये मुळातच बंद ठेवली जाईल आणि नंतर काढून टाकली जाईल. व्हीबी ६ चा रनटाइम वेगळा आहे, हे खरे; पण पॅन किंवा जीएसटी क्रमांकाचा साचा तपासण्यासाठी आमच्यापैकी अनेकांनी व्हीबीस्क्रिप्टचेच रेगएक्स हे मजकूर पडताळण्याचे साधन वापरले आहे. रनटाइम टिकूनही प्रोग्राम अडू शकतो, तो अशा ठिकाणी.

भाषा जुनी झाली की हे व्हायचेच, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. फोरट्रान १९५७ ची आहे, कोबोलची आखणी १९५९ मध्ये सुरू झाली, आणि दोन्हींची नवी आंतरराष्ट्रीय मानके २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली आहेत. त्यांचे कंपायलर, म्हणजे लिहिलेल्या ओळींचा चालता प्रोग्राम करणारी साधने, अनेकांनी बनवले आहेत, त्यामुळे कोणा एका कंपनीच्या बैठकीत त्यांचा निकाल लागत नाही. पायथन या भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीचा, पायथन २ चा, सपोर्ट १ जानेवारी २०२० रोजी संपला, तेही मूळची २०१५ ची मुदत वाढवून, आणि पायथन ३ येऊन अकरा वर्षे झाल्यावर. तिचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, खुला असल्यामुळे ज्यांना गरज होती, त्यांना तिची डागडुजी पुढेही करता आली. व्हीबी ६ च्या वाट्याला यांतले काहीच आले नाही, आणि माझी तक्रार नेमकी इथे आहे. कंपनीला एखादी भाषा पुढे न्यायची नसेल तर तो तिचा अधिकार आहे, पण मग तिचा सोर्स खुला करावा. मायक्रोसॉफ्टने मे २०२० मध्ये जीडब्ल्यू-बेसिक या आपल्या जुन्या भाषेचा सोर्स खुला केला. त्याने संशोधकांची सोय झाली. व्हीबी ६ चा केला तर चालत्या संस्थांची होईल.

ट्विनबेसिक नावाचा नवा कंपायलर व्हीबी ६ चे प्रोग्राम जसेच्या तसे चालवण्याच्या उद्देशाने विकसित होत आहे, आणि त्यात ६४ बिटांची व युनिकोडची सोय आहे. मी त्याच्याकडे आशेने पाहतो, पण संस्थेचा हिशेब आजच त्याच्यावर सोपवायचे धाडस करणार नाही. सध्या मी प्रत्येक संस्थेला सोर्सची प्रत आणि लागणाऱ्या कंट्रोलच्या फाइली स्वतःच्या कपाटात ठेवायला सांगतो, मग प्रोग्रामर मी असो की दुसरा कोणी. दर काढण्याचे, कपातीचे आणि पैसे पूर्णांकित करण्याचे नियम प्रोग्राममधून वाचून साध्या मराठीत उतरवायलाही घेतले आहेत. पहिल्या संस्थेच्या संचालक मंडळाने ते इतिवृत्तात नोंदवून घेतले. तिथल्या नव्या प्रोग्रामचे काम आता त्या कागदावरून सुरू होईल.