सतरा पौंडांचं सामान: डेन्व्हर ते साल्ट लेक सिटी, मॉर्मन बायकांच्या वाटेनं

निघायच्या आदल्या रात्री लेकीनं घरातला वजनकाटा बाहेर काढला आणि आजीला म्हणाली, "आजी, तुझं सगळं सामान सतरा पौंडांत बसव बघू." सतरा पौंड म्हणजे पावणेआठ किलो. आई पुण्याहून येताना विमानात नुसती वर ठेवायची बॅगच सात किलोची होती. एक चादर, एक पांघरूण, दोन जोड कपडे, स्वेटर, ताट, वाटी, पेला आणि हरिपाठाची पोथी एवढ्यावरच काटा पुढे गेला. आईनं आधी ताट काढलं, मग स्वेटर काढला आणि परत ठेवला. पोथीला हात लावला नाही.

१८५६ साली हातगाडी ओढत युटाकडे निघालेल्या मॉर्मन वाटसरूंपैकी मोठ्या माणसाला एवढंच सामान नेता येई. अंथरूण-पांघरूण, कपडे, भांडी सगळं त्यातच. साधारण पाच जणांमागे एक गाडी आणि वीस जणांमागे एक तंबू. रेल्वे आयोवा सिटीला संपायची, तिथून साल्ट लेकचं खोरं तेराशे मैलांवर. तेही चालत. हा प्रयोग तुम्हीही घरी करून बघा. पुढे जे दिसतं ते त्यानंतर वेगळं दिसतं.

आम्ही तिघी होतो: मी, ७१ वर्षांची आई आणि पंधरा वर्षांची लेक. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा, एकूण पाच दिवस. डेन्व्हरहून लॅरमी, रॉलिन्स, मार्टिन्स कोव्ह, साउथ पास सिटी, रॉक स्प्रिंग्ज आणि साल्ट लेक सिटी, अशी वाट धरली. सरळ महामार्गानं गेलं तर एका दिवसात होतं, पण मग बघायचं सगळं उजव्या हाताला राहून जातं.

आधी थोडा इतिहास. जोसेफ स्मिथनं १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात मॉर्मन हा ख्रिस्ती पंथ स्थापन केला. शेजाऱ्यांशी वैर वाढत गेलं, १८४४ मध्ये इलिनॉयमध्ये जमावानं त्याला तुरुंगात मारलं आणि १८४६च्या फेब्रुवारीत नॉव्हू गाव सोडून लोक पश्चिमेला निघाले. स्मिथनंतरचा पुढारी ब्रिगहॅम यंग, त्याची पहिली तुकडी २४ जुलै १८४७ ला साल्ट लेकच्या खोऱ्यात उतरली. त्या तुकडीत १४३ पुरुष होते आणि बायका तीन: हॅरिएट यंग, क्लॅरिसा यंग आणि एलेन किंबल. ते खोरं रिकामं नव्हतं. तो शोशोनी, यूट आणि गोशूट लोकांचा मुलूख होता. वाटेवरच्या पाट्यांवर हे फार थोड्या शब्दांत येतं, म्हणून आपण लक्षात ठेवून जावं.

लॅरमीला जेवणापुरतंच थांबलो. तिथे लुइसा स्वेनचा पुतळा आहे. वायोमिंगनं डिसेंबर १८६९ मध्ये बायकांना मताचा हक्क दिला आणि ६ सप्टेंबर १८७० ला लुइसानं तिथे मत टाकलं. तारीख लिहून ठेवा, साल्ट लेकला तिचा संबंध येतो. लॅरमी ते रॉलिन्स हा शंभर मैलांचा पट्टा वाऱ्यासाठी कुप्रसिद्ध आहे. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरावं लागतं. हिवाळ्यात हा रस्ता वरचेवर बंद होतो, तेव्हा निघण्याआधी वायोमिंगच्या रस्ते खात्याची ५११ सेवा बघाच. रॉलिन्सला मुक्काम केला. खोली आधी ठरवली होती, तरी काउंटरवर आमचं नाव सापडेना आणि रात्री नऊला आईला घेऊन दुसरी जागा शोधावी लागली. आरक्षणाचा कागद छापून जवळ ठेवा. फोनमध्ये आहे म्हणून भागत नाही, कारण पुढे कित्येक मैल नेटवर्क नाही. नकाशाही आधीच उतरवून घ्या. पेट्रोलची टाकी रॉलिन्सलाच भरा. सकाळचं खाणं आणि माणशी दोन लिटर पाणी गाडीत हवंच.

मार्टिन्स कोव्ह कॅस्परच्या नैर्ऋत्येला साधारण ५५ मैलांवर आहे, रॉलिन्सहून तासाभराच्या थोडं पुढे. जुन्या गुरांच्या रँचवर चर्चनं माहिती केंद्र केलं आहे. प्रवेशाला पैसे नाहीत. स्वागताला निवृत्तीच्या वयाचे स्वयंसेवक असतात, बहुतेक नवरा-बायको. हातगाडी हवी तर तीही फुकट देतात. जरूर घ्या.

१८५६ मध्ये मुळातच उशीर झाला होता. इंग्लंडहून जहाजं मे महिन्यात सुटली, आयोवा सिटीला गाड्या तयार नव्हत्या आणि ज्या घाईनं केल्या त्या ओल्या लाकडाच्या. कोरड्या हवेत लाकूड आकसलं की चाकं खिळखिळी होत. हातगाड्यांच्या शेवटच्या दोन ताफ्यांपैकी विलीचा ताफा १५ जुलैला निघाला, मार्टिनचा २८ जुलैला. नेब्रास्कात विलीच्या ताफ्यातल्या लेव्हाय सॅव्हेजनं बजावलं होतं की आता पुढे गेलो तर म्हातारे आणि दुबळे मरतील. त्याचं कुणी ऐकलं नाही, तरी तो ताफा सोडून गेला नाही. १९ ऑक्टोबरला मार्टिनच्या लोकांनी नॉर्थ प्लॅट नदी ओलांडली आणि त्याच दिवशी बर्फ सुरू झालं. दोन्ही ताफ्यांत मिळून हजारभर माणसं होती, त्यांतली दोनशेहून जास्त वाटेत गेली. केंद्रात ही हकिगत श्रद्धेची कसोटी म्हणून सांगतात. ती तशी ऐकावी, सांगणारे मनापासून सांगतात. पण इतक्या उशिरा निघू का दिलं, हे आपण विचारावं. मी विचारलं. स्वयंसेवक आजींनी टाळाटाळ न करता उत्तर दिलं.

आम्ही गाडी घेतली तेव्हा तीत फक्त पाण्याच्या बाटल्या आणि आईची शाल होती. पहिला अर्धा मैल लेक एकटी ओढत होती. मग वाट रेताड झाली. चाक रुतलं की आडवा दांडा थेट पोटात बसतो. मी मागून लावलेल्या जोरानं गाडी एकदम पुढे जाई आणि लेक धडपडे. आईनं शांतपणे सांगितलं, "दोघींनी एका दमात, पाय एकदम टाका." वारीत रथ ओढताना पाहिलेलं तिला आठवलं असावं. तसं केल्यावर गाडी चालू लागली. पुढे गाडी ठेवून पायीच आत जायचं असतं. येऊन-जाऊन पाच मैलांच्या आसपास चाल होते, उंची सहा हजार फुटांच्या घरात, सावली नावाला नाही. गुडघे दुखत असतील तर अर्ध्यातून परत फिरा, आईनंही तेच केलं. सॅंडल नकोत, बंद बूट घाला. उन्हाळ्यात नदीकाठी डास फार आणि खडकांत रॅटलस्नेक असतात, तेव्हा पाय बघून टाका.

खडकांच्या त्या वाटोळ्या कुशीत वारा एकदम थांबतो. म्हणून तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला मार्टिनच्या ताफ्यातली माणसं तिथे आडोशाला आली. मला तिथे एलिझाबेथ जॅक्सनच आठवत राहिली. इंग्लंडमधल्या मॅकल्सफील्डची बाई, तीन लहान मुलं बरोबर. नदी ओलांडल्यावर नवऱ्याच्या अंगात त्राण उरलं नाही. १९०८ साली छापलेल्या आठवणींत ती सांगते की रात्री थंडीनं जाग आली, नवऱ्याचा श्वास ऐकू येतो का म्हणून तिनं कान दिला आणि अंगाला हात लावला तर ते गार पडलं होतं. तंबूतल्या लोकांना हाक मारली, पण कुणाच्या हाती करण्यासारखं काही नव्हतं. उजाडेपर्यंत ती तशीच त्याच्याशेजारी राहिली. पुढे एका रात्री तंबू उभारण्याचंही बळ कुणात नव्हतं, तेव्हा एक मूल मांडीवर आणि दोन दोन बाजूंना घेऊन ती सकाळपर्यंत दगडावर बसून होती. लेकीला मी हे तिथेच वाचून दाखवलं. वाचण्याचं काम घरून करून जा, कारण तिथे पाटीवर दोन ओळी असतात आणि बाईनं स्वतः लिहिलेलं त्याहून फार जास्त आहे.

मार्टिनच्याच ताफ्यातली नेली पुसेल तेव्हा जेमतेम दहा वर्षांची. आईबाप वाटेत गेले, तिचे पाय गोठले आणि युटात पोचल्यावर भूल न देता गुडघ्याखाली कापावे लागले. पुढे ती गुडघ्यांवर चालली, लोकांचे कपडे धुतले, सहा मुलं वाढवली. युटाच्या दक्षिणेला सीडर सिटीच्या विद्यापीठात तिचा पुतळा आहे. तिकडे जाणाऱ्यांनी थांबावं.

तिथून पश्चिमेला जेफ्री सिटीवरून साउथ पासकडे गेलो. याच टापूत रॉकी रिज हा खडकाळ चढ आहे. गोठलेल्या पायांनी विलीच्या ताफ्यातल्या जेन्स नीलसनला चालवेना, तेव्हा बायको एल्सीनं त्याला गाडीत घातलं आणि चढ ओढून काढला. त्यांचा लहान मुलगा आणि बरोबर घेतलेली बोडिल मॉर्टेन्सेन ही मुलगी पलीकडच्या मुक्कामावर वारली. तिथे तेरा जणांना एका खड्ड्यात पुरलं, मग आणखी दोघांना. साध्या मोटारीनं रॉकी रिजला जाऊ नका, उंच चाकांची गाडी आणि कोरडी वाट लागते. आम्ही गेलो नाही. साउथ पास सिटीत एस्थर मॉरिस १८७० मध्ये न्यायाधीश झाली, देशातली पहिली स्त्री. हिवाळ्यात ते गाव-संग्रहालय बंद असतं.

साल्ट लेक सिटीत लोक आधी टेंपल स्क्वेअरला, म्हणजे पंथाच्या मंदिराच्या आवारात जातात. माझं म्हणणं, आधी पायोनियर मेमोरियल म्युझियमला जा. कॅपिटॉल म्हणजे राज्याच्या विधानभवनाच्या टेकडीजवळ आहे, फुकट आहे, रविवारी बंद. ते चालवतात त्या वाटसरूंच्या लेकी-नाती-पणत्या, १९०१ पासूनची त्यांची संस्था आहे. मजल्यांमागून मजले, कपाटांमागून कपाटं. घरच्यांच्या केसांचे गुंफून केलेले गजऱ्यासारखे वेढे काचेत ठेवले आहेत, प्रत्येक फुलाचा रंग वेगळा, कारण डोकं वेगळं. आई तिथून हलेना. किमान तीन तास ठेवा.

इथे मला एक गोष्ट सापडली आणि या प्रवासाचं चीज झालं. आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजमधून डॉक्टर झाल्या. त्याच कॉलेजातून १८७७ मध्ये युटाची रोमेनिया प्रॅट आणि १८७८ मध्ये एलिस शिप डॉक्टर होऊन बाहेर पडल्या होत्या. त्या काळी या पंथात बहुपत्नीत्व होतं, एलिसच्या नवऱ्याला चार बायका. आधी त्यांतली मार्गारेट फिलाडेल्फियाला गेली होती. घरच्या आठवणीनं ती महिन्याभरात परतली, तेव्हा तिच्या जागी एलिस गेली, तीन मुलगे सवतींच्या हवाली करून. शिकताना मध्येच एक बाळंतपणही झालं. पुढे मार्गारेटही परत गेली आणि १८८३ मध्ये डॉक्टर झाली. त्याच वर्षी आनंदीबाई अमेरिकेला पोचल्या. एलिसनं साल्ट लेकला सुईणींची शाळा काढली आणि सहा हजारांहून जास्त बाळंतपणं केली.

"सिस्टर-वाइफला मराठीत काय म्हणतात?" लेकीनं विचारलं. आई म्हणाली, "सवत." मग थोडं थांबून म्हणाली, "पण हा शब्द उच्चारला की भांडणच ऐकू येतं. सवत पोरं सांभाळते आणि दुसरी डॉक्टर होते, हे ह्या शब्दात बसत नाही." मला बहुपत्नीत्वाचं कौतुक नाही. त्यात कितीतरी बायका एकट्या, पैशाविना झुरल्या. पण त्या बायका मुक्या होत्या असं समजून जाल तर चुकाल. १८७२ पासून त्या स्वतःचं नियतकालिक चालवत होत्या. मार्था ह्यूज कॅनन ही डॉक्टर, नवऱ्याची चौथी बायको, १८९६ मध्ये राज्याच्या सिनेटवर निवडून आली, आणि हरलेल्या उमेदवारांत तिचा नवरा होता. हे सगळं एकाच आयुष्यात होतं.

टेकडीवरच, कॅपिटॉलसमोर, काउन्सिल हॉलची लाल इमारत आहे. ती पूर्वी खाली गावात होती, दगड सुटे करून वर आणली. १४ फेब्रुवारी १८७० ला शाळेत शिकवायला जाता जाता सेराफ यंगनं त्या इमारतीत मत टाकलं. कायदा वायोमिंगनं आधी केला, पण मत आधी युटात पडलं, लुइसा स्वेनच्या सात महिने आधी. १८८७ मध्ये वॉशिंग्टनच्या केंद्र सरकारनं बहुपत्नीत्व मोडण्यासाठी केलेल्या कायद्यानं हा हक्क काढून घेतला, तो १८९६ ला राज्य झाल्यावर परत मिळाला.

टेंपल स्क्वेअरवरच्या टॅबरनॅकल या सभागृहाबद्दल एवढंच सांगते. आजची घुमटाकार इमारत नंतरची. हातगाडीवाल्यांना मदत धाडण्यासाठीची १८५६ची सभा त्याच आवारातल्या जुन्या सभागृहात भरली होती. ताफे बर्फात अडकल्याचं ब्रिगहॅम यंगनं सांगताच बायकांनी बसल्या जागी परकर, पायमोजे काढून गाडीत टाकायला दिले. ही आठवण लूसी मेसर्व्ह स्मिथ या बाईनं लिहिली म्हणून आज कळते. मंदिराच्या आत पंथाबाहेरच्यांना एरवी जाता येत नाही, तेव्हा तो आग्रह धरू नका.

रविवार आला तर हताश होऊ नका. संग्रहालय बंद असलं तरी दफनभूमी उघडी असते. चढावर आहे आणि अफाट मोठी, म्हणून जागेचा क्रमांक आधी काढून ठेवा आणि गाडी जवळ न्या. आम्हाला जेन मॅनिंग जेम्सचा दगड शोधायला तासाभराहून जास्त लागला. कनेटिकटमध्ये जन्मलेली ही मुक्त काळी बाई. १८४३ मध्ये बफेलोला बोटीत घेतलं नाही म्हणून कुटुंबासह शेकडो मैल चालत नॉव्हूला पोचली. पाय फुटले, वाटेवर रक्ताचे ठसे उमटले. १८४७च्या सप्टेंबरमध्ये ती या खोऱ्यात आली. काळी म्हणून मंदिरातले पूर्ण विधी तिला नाकारले. ती पुन्हा पुन्हा मागत राहिली आणि १९०८ मध्ये वारली. ती बंदी उठली १९७८ला.

आई दगडाजवळ गवतावर बसली. मी तिला एलायझा लायमन या मॉर्मन बाईच्या रोजनिशीतली १८४९ची नोंद सांगितली. नवरा गावाला गेलेला, घरात दाणा नाही, तेव्हा जेननं तिला दोन पौंड पीठ दिलं. जेनच्या घरात होतं त्याच्या ते जवळपास निम्मं होतं.