आधी तिथी सांगा

गणपतींचं विसर्जन झालं की आमच्या घरचे फोन सुरू होतात. डोंबिवलीची मामेबहीण, ह्यांचे पुण्यातले मित्र, माझ्याच वर्गात शिकून आता मुंबईला नोकरीला लागलेली मुलं. प्रश्न सगळ्यांचा एकच. "पाऊस संपला की मालवणला येतोय. ऑक्टोबरात काय काय खायला मिळेल? आणि बाहेर जेवायला एखादं चांगलं ठिकाण सांगून ठेवा."

तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. पण आधी मला तिथी सांगा.

लोकांना वाटतं मी चेष्टा करते. रेल्वेचं आरक्षण तारखेवर मिळतं हे मलाही कळतं, पण आमच्याकडची चूल तारीख बघत नाही. १० ऑक्टोबरच घ्या. २०२३ साली अधिक श्रावण आल्यामुळे सगळे सण पुढे सरकले होते, तेव्हा १० ऑक्टोबर पितृपक्षात पडली. २०२४ साली ती नवरात्रात आली. २०२५ मध्ये कोजागिरी होऊनही चार दिवस उलटले होते. म्हणजे तुम्ही तीन वर्षं ओळीने त्याच तारखेला माझ्या दारात उभे राहिलात, तर तीन वर्षं तीन निरनिराळी ताटं समोर येतील. त्यातल्या एकात मासळीचा वासही नसेल, आणि मग तुम्ही घरी जाऊन सांगाल की मालवणला गेलो आणि वरण-भात खाऊन आलो.

समुद्राचं गणित तसं सोपं आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी बोटींना बंदी. ऑगस्टात बंदी उठते, पण दर्या खवळलेलाच असतो. नारळी पौर्णिमेला नारळ दिल्यावर माणसं खऱ्या अर्थाने बाहेर पडतात. भाद्रपद सरता सरता वारा पडतो, पाणी निवळायला लागतं आणि बांगडा किनाऱ्याजवळ येतो. त्याच सुमाराला रापणी लागतात. होडीतून समुद्रात अर्धगोल जाळं सोडायचं आणि दोन्ही टोकांना माणसांच्या दोन रांगांनी उभं राहून ते वाळूवर ओढत आणायचं, ही रापण. तास-दीड तास ओढाओढ चालते. शेवटच्या पंचवीस-तीस हातांवर जाळं आलं की आतलं पाणी उकळल्यासारखं दिसायला लागतं, आणि तोवर आपण होऊन आलेली, निम्मी हौशी अशी माणसं दोरीला लागलेली असतात. हात लावणाऱ्याला मूठभर मासे मिळतात. बाकीच्यांनी वाटा विकत घ्यायचा.

रापणीच्या बांगड्याला बर्फ माहीत नसतो. हातात धरला तर ताठ राहतो, पाठीवरचे निळे-हिरवे पट्टे अजून ओले चमकत असतात. आणि ह्या दिवसांत तो असा तेलकट असतो की तव्यावर टाकला तर आपणच तेल सोडतो. पापलेटचं कौतुक करणाऱ्यांनी करावं, माझी हरकत नाही. मला आश्विनातल्या बांगड्यापुढे पापलेट म्हणजे पाहुण्यांसाठी काढून ठेवलेली चादर वाटते.

ह्या बांगड्याचं तिखलं, म्हणजे आंबट-तिखट कालवण, करतात ते तिरफळं घालून, आणि तिरफळंही ह्याच सुमाराला झाडावरून उतरतात. झाड काटेरी, काढणाऱ्याचे हात ओरबाडून निघतात. हिरवे घोस उन्हात टाकले की दाणे उकलतात आणि आतली काळी चकचकीत बी बाहेर पडते. ती टाकून द्यायची. वास सगळा सालीत असतो. सासूबाई सांगायच्या, तिरफळं वाटणात वाटायची नाहीत, कडवट होतं. खोबरं अगदी बेताचं, लाल मिरच्या, धणे, हळद असं वाटण गंधासारखं करायचं, त्यात सोलं, म्हणजे कोकमं, आणि बांगड्याचे तुकडे घालायचे, उकळी आली की तिरफळं वरवंट्याने जरा चेचून वरून टाकायची. झाकण ठेवायचं. उतरवताना चमचाभर खोबरेल कच्चंच सोडायचं. फोडणी नाही, कांदा नाही. जेवताना चुकून तिरफळ दाताखाली आलं तर जीभ झिणझिणते आणि पुढचा घास काही कळत नाही. पाहुण्यांना मी आधी सांगते. तरी एकजण दरवर्षी ते मिरं समजून चावतोच.

तर हे झालं मासळीचं. आता तिथीकडे येते.

पितृपक्षात आमच्या घरात पंधरा दिवस मासे बंद नसतात, फक्त म्हाळाच्या, म्हणजे घरातल्या श्राद्धाच्या, दिवशी असतात. काही घरांत अख्खा पंधरवडा बंद. ह्याचा परिणाम असा, की बांगडा भरपूर आणि खाणारी तोंडं कमी; शंभराला मिळणाऱ्या बांगड्यांची संख्या वाढत जाते. कोळणी वाट्यावर एखादा वर टाकतात, न मागता. स्वस्तात खायचं असेल तर हे दिवस उत्तम, आणि मुंबईकर नेमके ह्याच दिवसांत येत नाहीत.

पण तुमचं नशीब खरंच चांगलं असेल तर तुम्हाला कुणीतरी म्हाळाला बोलावील. बोलावलं तर "आम्ही मासे खायला आलोय" असं म्हणून टाळू नका. म्हाळाचं जेवण म्हणजे वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं. हे काळे वाटाणे आदल्या रात्री भिजत घालावे लागतात, विसरलात तर कुकरच्या कितीही शिट्ट्या काढा, ते दगडच राहतात. भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणात शिजून ते असे काळपट, दाट, मातकट गोडसर लागतात की मटणाची आठवण येऊ नये. सोबत परसातला लाल भोपळा, भेंडी, पडवळ, तांदळाची खीर. आधी कावळ्याला वाडी, म्हणजे नैवेद्याचं पान, ठेवायची. कावळा लवकर आला नाही की घरातली मोठी माणसं गेलेल्याशी बोलायला लागतात, तुझं काय राहिलं असेल ते आम्ही बघू, पोरांकडे लक्ष देऊ, आता शिव. खळ्यात, म्हणजे अंगणात, उभे असलेले सगळे भुकेले, आणि कावळा माडावर बसून मान वाकडी करून बघतोय. आमच्या एका काकांसाठी म्हाळाच्या पानात शेवटी चहाचा कप ठेवला, तेव्हा कावळा उतरला. मी स्वतः पाहिलंय. त्याने चहा प्यायला नाही हेही सांगते.

ह्याच पंधरवड्यात बाहेर जेवायचं म्हटलं तर एक अडचण असते. आमच्याकडच्या चांगल्या खानावळी म्हणजे कुणाच्यातरी घराची पडवी आणि चार टेबलं. रांधणारी घरचीच बाई. तिच्याही घरी म्हाळ असतो. एस.टी. स्टँडजवळच्या ज्या खानावळीत मी शाळेच्या परीक्षा-कामाच्या दिवसांत जेवते, तिथल्या वहिनींनी मला एकदा पान वाढता वाढता सांगितलं, "बाई, उद्या येव नको. सासऱ्यांचो म्हाळ आसा." दुसऱ्या दिवशी दाराला पाटी नव्हती, कुलूपही नव्हतं. आत सगळं कुटुंब जेवत होतं आणि बाहेर मोटारीतून आलेली मंडळी मोबाईलवर ठिकाण बरोबर आहे का ते तपासत होती.

नवरात्रात येत असाल तर फोन करून मला मासळीबद्दल विचारूच नका. नऊ दिवस आमच्या घरी घट असतो. उपास करणाऱ्यांना वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळी. बाकीच्यांना भाजी-भाकरी. बाहेर हॉटेलांत मासे मिळतात, मिळत नाहीत असं नाही, पण गावातलं गिऱ्हाईक निम्म्यावर आलेलं असतं, आणि ज्या खानावळीत गावचा माणूस जेवत नाही तिथे त्या दिवशी मीही तुम्हाला पाठवणार नाही. ह्या दिवसांत सकाळी बाहेर पडा. घावणे किंवा आंबोळी, सोबत काळ्या वाटाण्याची उसळ किंवा ओल्या खोबऱ्याची चटणी. साधं, पोटभर, आणि कुणाच्या उपासाला धक्का न लावणारं.

आणि हो, पाऊस संपला असं समजून छत्री घरी ठेवून येऊ नका. साधारण २७ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर हस्त नक्षत्र असतं, आम्ही हत्ती म्हणतो. सकाळभर ऊन असं भाजतं की सोलं चुरून मीठ घातलेलं पाणी तांब्या-तांब्याने प्यावं, आणि तीन-चार वाजता सह्याद्रीकडून काळं भरून येतं, गडगडाट, तासभर ओततं. शेतकऱ्याचा जीव वर, कारण हळवं, म्हणजे लवकर पिकणारं, भात तयार होऊन उभं असतं. तुम्ही मात्र तेव्हा स्टँडवर असाल तर कांदाभजी आणि चहा घ्या. तेवढा एक पदार्थ मी कुठलीही तिथी न विचारता सांगते.

आता बाहेर कुठे जेवायचं. ठिकाणाचं नाव मी सांगत नाही, कारण सांगितलेली नावं दोन वर्षांत बिघडतात. एकदा ह्यांच्या मित्रांना मी हायवेवरच्या एका मोठ्या ठिकाणी पाठवलं, त्यांनी सुरमई थाळी मागवली आणि तुकडा काट्याला लागून भुगा होऊन सुटला. बर्फातला होता, किती दिवसांचा ते त्या बर्फालाच ठाऊक. वाईट मलाच वाटलं. सुरमई थाळीची पाटी बारा महिने लटकलेली असते, सुरमई मात्र बारा महिने येत नाही. तेव्हा पाटी वाचू नका. "ताजं काय आहे?" हेही विचारू नका, उत्तर "सगळं ताजं" असंच येणार. वाढणाऱ्या बाईला सरळ विचारा, "तुम्ही आज काय जेवणार?"

मी त्या वहिनींना असंच विचारलं होतं. पाटीवर सुरमई, पापलेट, कोळंबी. त्या हसल्या. "आमच्यात? पेडव्यांचा तिखला." मला तेच द्या म्हटलं तर त्यांना अवघडल्यासारखं झालं, गिऱ्हाइकाला पेडवे कसे वाढायचे, ती गरिबाघरची मासळी. बोटभर लांबीचे, काट्यासकट खायचे. त्या दिवशी मी भात दोनदा मागून घेतला आणि पैसे किती घ्यायचे हे त्यांना ठरवता येईना, कारण त्याचा भाव पाटीवरच नव्हता.

कोजागिरीच्या आसपास आलात तर मात्र दोन्ही हात तुपात. नवरात्र सुटलेलं असतं, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बाजारात पाय ठेवायला जागा नसते, बांगडा अजून आहे, कोळंबी आहे, खाडीत तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला बायका उतरलेल्या असतात. कुर्ल्यांचं, म्हणजे खेकड्यांचं, तेवढं चंद्रावर बघायचं. अंधाऱ्या पंधरवड्यात त्या भरलेल्या असतात असं आमच्याकडे मानतात, म्हणून पौर्णिमेला कुणी सहसा घेत नाही. कोजागिरीच्या पौर्णिमेला आम्ही नव्याची पौर्णिमा म्हणतो. शेतातून भाताच्या लोंब्या आणायच्या, आंब्याच्या पानासोबत जुडी बांधायची आणि दाराला, तुळशीला, देव्हाऱ्याला लावायची. हल्ली मोटरसायकललाही लावतात. कापलेल्या हळव्या भाताचे तांदूळ थोडे कांडून त्याची खीर करतात. नवा तांदूळ शिजवणं हे एक वेगळंच प्रकरण. रोजच्या हिशोबाने पाणी घातलंत तर गिच्च गोळा होतो, म्हणून पाणी हात आखडून घालायचं. आणि बिघडलाच तर आणखी पाणी घालून पेज करायची. नव्या तांदळाची पेज, वर तुपाचा थेंब, कडेला लिंबाचं मुरलेलं लोणचं. वाफेला जो दुधाळ वास येतो तो पुढे महिन्याभरात तांदूळ वाळला की जातो. माझी मामेबहीण एकदा ह्या दिवसांत आली आणि तीन दिवसांत एकदाही बाहेर जेवली नाही. तिचा नवरा जरा हिरमुसला होता, त्याने चार ठिकाणांची यादी काढून आणली होती.

शेवटची तिथी नरकचतुर्दशी. त्या दिवशी पहाटे अभ्यंगस्नान करून तुळशीपाशी डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट, म्हणजे एक लहान कडू रानफळ, फोडायचं, त्याची कडू बी जिभेला लावायची, आणि मग पोहे. नव्या भाताचे, जाडसर. गूळ-खोबऱ्याचे गोड पोहे, दूधपोहे, ताकातले, चिंचेच्या नाहीतर सोलांच्या कोळातले, बटाट्याचे तिखट. एका घरात सगळे प्रकार होतातच असं नाही, म्हणून माणसं घरोघर फिरतात. उजाडायच्या आत एका खळ्यातून दुसऱ्या खळ्यात, नवे कपडे घातलेली पोरं पुढे, म्हातारी मंडळी मागे. आठ वाजेपर्यंत पाच-सहा घरं होतात. त्या दिवशी कुठलं हॉटेल उघडं असेल हे मला विचारू नका, मला माहीत नाही, मी कधी बघितलेलं नाही. थेट आमच्याकडे या. मी तुम्हाला शेजारी घेऊन जाईन. फक्त ताकातले पोहे शेवटच्या घरासाठी ठेवा, आणि पहिल्याच घरात "आणखी थोडे" म्हणू नका.