दोन लाल झेंड्यांच्या मधलं घर

ऑकलंडच्या दक्षिणेला पापाटोएटोएमध्ये आम्ही भाड्याने राहतो, डावीकडे सामोअन आजोबांचं घर आणि उजवीकडे टोंगन कुटुंब (सामोआ आणि टोंगा हे पॅसिफिकमधले बेटांचे दोन देश), आणि रग्बी लीगची मॅच जवळ आली की दोन्हीकडे गाड्यांवर लाल झेंडे. नवीन होतो तेव्हा मला दोन्ही सारखेच दिसायचे. एकदा आजोबांना म्हणालो, "तुमचा टोंगा मस्त खेळला हां"... झालं! आजोबांनी मला दंडाला धरून गाडीपाशी नेलं आणि झेंड्याच्या कोपऱ्यातल्या निळ्या चौकोनातले पाच पांढरे तारे बोटाने एकेक करून मोजून दाखवले. टोंगाच्या कोपऱ्यात पांढऱ्यावर लाल क्रॉस असतो. परत नाही चुकलो बाबा.

मी कोल्हापूरचा, पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ ही फुटबॉलची मॅच बघत मोठा झालोय त्यामुळे हे वेड मला नवीन नाही, पण इथे भांडण थेट इतिहासात जातं. टोंगन म्हणणार आमच्याकडे अजून राजा आहे, तुमच्याकडे आहे का? सामोअन म्हणणार की बाबांनो, तुम्ही आमच्यावर राज्य करत होता आणि आम्ही तुम्हाला हाकललं, जाताना तुमचेच लोक "मालिए तोआ", म्हणजे शाब्बास वीरांनो, असं ओरडले आणि त्यावरून आमची मालिएटोआ ही पदवी पडली!

2017 च्या वर्ल्डकपला हॅमिल्टनमध्ये हे दोघे समोरासमोर आले त्याचा व्हिडिओ बघाच. सामोआचा सिवा टाऊ आणि टोंगाचा सिपी टाऊ, दोन्ही युद्धनृत्यं एकाच वेळी, एकमेकांच्या तोंडासमोर, कोण काय म्हणतंय काही कळत नाही पण अंगावर काटा येतो. टोंगा 32-18 जिंकलं आणि पुढच्याच आठवड्यात न्यूझीलंडलाही 28-22 हरवलं. सामोआ-टोंगा मॅचच्या आधी ऑकलंडमधल्या ओटाहुहूच्या रस्त्यावर मारामाऱ्याही झाल्या, ते काही लपवण्यासारखं नाही. 2022 च्या वर्ल्डकपला पुन्हा हेच दोघे, क्वार्टर फायनल इंग्लंडमध्ये, इथे भल्या पहाटे. सामोआ 20-18. फक्त दोन पॉइंट! आजोबांनी उजाडायच्या आत हॉर्न वाजवून अख्खी गल्ली उठवली, उजवीकडचे पडदे मात्र दुपारपर्यंत उघडले नाहीत.

संध्याकाळी त्याच उजव्या घरातून आमच्याकडे फॉइलमध्ये गुंडाळलेलं लू आलं, म्हणजे अळूच्या पानात नारळाचं घट्ट दूध आणि मटण. आजोबांकडे अळू-नारळाच्या पदार्थाला पालुसामी म्हणतात आणि ओरिजिनल कोणाचं यावर चर्चा सुरू झाली की मी हळूच आत सटकतो. बायको म्हणते अळू आपलंच, पण ते तिने अजून बाहेर बोलून दाखवलेलं नाही.

गंमत म्हणजे आजोबांचा जावईच टोंगन. लेकीच्या गाडीला एका खिडकीत हा झेंडा, दुसऱ्या खिडकीत तो, मागे नातवंडं. रविवारी चर्चला जाताना आजोबा पूर्ण गाडीला वळसा घालतात, पण ताऱ्यांच्या बाजूच्याच दारातून आत बसतात.