गिअरबॉक्स तापायलाय म्हणून लगेच खोलायला काढू नका

आपल्याकडं ऑटोमॅटिक बस म्हणलं की निम्मे मिस्त्री हात वर करतात आणि उरलेले डायरेक्ट म्हणतात, खाली उतरवा. आमची गाडी जुनी, मागं इंजिन असलेली, एका शहरात सिटी बस म्हणून राबून आलेली, आता बीडमधून स्टाफची ट्रिप आणि सीझनला तुळजापूरची भाडी. एप्रिलच्या उन्हात मांजरसुंब्याचा घाट चढताना ट्रान्समिशनचं, म्हणजे गिअरबॉक्सचं, ऑइल तापल्याचा दिवा लागायला लागला, इंजिनच्या तापमानाचा काटा मात्र जागचा हलेना. ज्याला विचारावं तो एकच सांगायचा, क्लच प्लेटी गेल्या, बॉक्स खोला. खर्चाचा आकडा ऐकून भाऊ तर गाडीच विकायला निघाला होता.

माझं म्हणणं एवढंच, की बॉक्स तापतोय याचे दोन अर्थ होतात. एकतर आत जास्तीची गरमी तयार होतेय, नाहीतर तयार झालेली बाहेर पडेना गेलीय. हे ठरल्याशिवाय पाना लावायचा नाही.

म्हणून पहिला प्रश्न ड्रायव्हरला, कुठं तापती? चढाला थोडी तापणारच, कारण उसाच्या ट्रॉलीमागं दहा-पंधराच्या स्पीडनं रांगताना टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) लॉक होत नाही, म्हणजे थेट जोडला जात नाही, आतलं ऑइल नुसतं घुसळत राहतं आणि इंजिनची बरीच ताकद गरमीतच जाते. उताराला तापत असेल तर रिटार्डर बघायचा, तो ब्रेकचं काम ऑइलवरच करतो, अर्धवट लागून राहिला तर सपाटीला पण तापवतो. आणि सरळ रोडला एका स्पीडवर तापत असेल तर लॉकअप, म्हणजे कन्व्हर्टरचं ते लॉक, लागतंय का ते बघायचं. लागलं की आरपीएम जरासा पडतो, कान देऊन ऐकलं तरी कळतं.

आमच्या ड्रायव्हरमामांनी जे सांगितलं तिथंच खरं गमक होतं. म्हणाले, "मालक, घाटात तापमान चढतंय त्याचं काही नाही, पण वर चौसाळ्याकडं सपाटीला लागलं तरी उतरंना गेलंय." म्हणजे चढणं हा प्रॉब्लेम नव्हता, न उतरणं हा होता.

मग ऑइल बघितलं. गाडी सपाट जागेवर, न्यूट्रलला, इंजिन चालू आणि ऑइल गरम, असंच डिपस्टिक बघायचं असतं, थंड आणि गरमच्या खुणा वेगळ्या असतात. बरेच जण इंजिन बंद करून बघतात आणि भलतंच लेव्हल धरून ऑइल कमीजास्त करतात. कमी झालं तर क्लच स्लिप मारतात, आणि जास्त झालं तर फिरणारे पार्ट ते फेटतात, फेस होतो आणि फेसामुळं अजून तापतं, हे दुसरं लोकांना पटतच नाही. आमचं लेव्हल बरोबर, रंग जरा काळपट पण जळका वास नाही, दुधाळपणा नाही म्हणजे पाणी शिरलेलं नाही. एवढ्यावर मी प्लेटींचा विषय जवळपास सोडून दिला.

पुढं घाट चढून वर गाडी बाजूला घेतली, न्यूट्रलला 1200 ते 1500 आरपीएमवर ठेवली. नॉर्मल बॉक्समध्ये दोन-तीन मिनिटांत तापमान खाली यायला पाहिजे. आलंच नाही. याची मुख्य कारणं दोन, कन्व्हर्टरमधला स्टेटर (आतल्या ऑइलला दिशा देणारं चाक) जाम, नाहीतर कूलर (इंजिनच्या पाण्यानं बॉक्सचं ऑइल थंड करणारा भाग) काम करेना. स्टेटर म्हणजे बॉक्स उतरवणं आलंच, म्हणून आधी कूलर. लेझरवाली तापमान बघायची गन आणली, कूलरच्या ऑइल पाइपांवर काळी टेप चिटकवली (चकाकत्या धातूवर गन खोटं बोलती) आणि बघितलं. ऑइल आत जाताना 118, बाहेर येताना 114. इंजिनचं पाणी 90 च्या आत. एवढं थंड पाणी शेजारून जातंय आणि ऑइल फक्त 4 डिग्रीनं उतरतंय, आता अजून काय पुरावा पाहिजे.

कूलर खोलला तर पाण्याच्या बाजूला पाणी तापवायच्या रॉडवर चढतो तसा पांढरा, खरखरीत थर, नखानं निघंना. बोअरचं पाणी! रेडिएटरचं पाणी कमी झालं की ढाब्यावर, पंपावर जिथं नळ दिसेल तिथून बादली. मामांना विचारलं तर "पाणी ते पाणी, त्यात काय एवढं." आपल्याकडच्या बोअरचं पाणी किती जड असतंय ते घराघरातल्या नळाला विचारा. इंजिनचा काटा का हलला नाही तेही इथंच कळलं, रेडिएटर अजून निभावून नेत होता, पण कूलरच्या बारीक वाटा आधी बुजल्या.

रेडिएटरवाल्याकडून कूलर साफ करून, प्रेशरला लावून लीक नाही ना बघून घेतला. तापून गेलेलं ऑइल आणि फिल्टर बदलले, ते जुनं ठेवण्यात अर्थ नाही, कारण तापमान साधारण दहा डिग्रीनं वाढलं की ऑइलचं आयुष्य निम्म्यावर येतं असा ढोबळ हिशोब आहे. पाण्यात आता कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, एक कॅन कायम गाडीत. मागच्या रेडिएटरच्या जाळीत कापसाचे पुंजके आणि पाचटाचा भुगा होता तो पण आतून बाहेर हवा मारून काढला. पाण्याचा जोरात फवारा मारू नका, पात्या वाकतात.

मामांना दोन गोष्टी सांगितल्यात. घाटात ट्रॉलीमागं अडकलं की सिलेक्टर खालच्या गिअरला आणायचा, म्हणजे आरपीएम चढा राहतो आणि लॉकअप लागायला वाव मिळतो. आणि दिवा लागलाच तर इंजिन बंद करायचं नाही, गाडी बाजूला घेऊन न्यूट्रलला आरपीएम वाढवून ठेवायचे, बंद केलं की पंपच थांबतो, मग ऑइल कूलरपर्यंत जाणार कसं. नंतर त्याच घाटाच्या माथ्यावर परत गन लावली, आत 104, बाहेर 91. बॉक्सचा एक बोल्ट पण खोललेला नाही.