टोपल्यांनी नदी साफ होते का?

प्रदर्शनात टोपली उलटीपालटी करून झाली, नाकाशी धरून वास घेऊन झाला, की प्रश्न येतोच : "जलपर्णीची ना? म्हणजे याने नदी साफ होते!" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. नाही होत.

दहा किलो ओली जलपर्णी वाळवली की किलोभरही उरत नाही, बाकी सगळं पाणीच. उन्हाळ्यात ती पंधरवड्यात दुप्पट होऊ शकते. मी पंधरवड्यात तीन टोपल्या विणते, त्याही गुडघे दुखत नसतील तर. आमच्या पवना नदीत सांडपाणी येतंय तोवर तिला खत आयतंच मिळतंय. बंगालमध्ये १९३६ साली तिच्याविरुद्ध कायदा झाला, तरी ती गेली नाही. तिथे माझ्या टोपल्यांचा काय पाड!

उलट एक गोष्ट कबूल करते. मोकळ्या पाण्यात तिचा देठ आखूड आणि फुगीर असतो, विणायला निरुपयोगी. नदी गच्च भरली की उजेडासाठी चढाओढ लागते आणि देठ हात-दीड हात लांब, सडपातळ होतात. म्हणजे नदी जितकी तुंबलेली, तितका माझा माल चांगला. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा ओशाळले होते.

काम मे महिन्यातलं. गमबूट, हातमोजे घालून काठावरून ओढायची, पानं-मुळं छाटायची आणि देठ आठ-दहा दिवस गच्चीवर पसरायचे. मध्येच वळीव आला तर काळी बुरशी धरते, मग सगळं फुकट. छाटलेलं मी काठावर टाकत नाही. एखादा धुमारा पाण्यात गेला तरी नवं रोप उभं राहतं. म्हणून छाटलेलंही गच्चीवरच कडकडीत वाळवते.

तळ बांधायला बुरूड आळीतल्या एका मावशींनी शिकवलं. देठ बोटांत दाबून त्या म्हणाल्या, "याला कणाच नाही गं." खरंच नाही. म्हणून सांगाडा बांबूच्या कामट्यांचा, आणि त्यावर देठांची तिपेडी वेणी.

भाकरी ठेवू का, असंही विचारतात. नको. ही वनस्पती पाण्यातले जड धातू शोषते. मुळांत जास्त, देठांत कमी, पण मी स्वतःही ठेवत नाही. लोकर ठेवा, वर्तमानपत्रं ठेवा.

मग विणता कशाला? वाळलेला देठ हाताला मऊ लागतो, मधासारखा रंग धरतो, मला आवडतो. गेल्या वर्षी किमतीच्या चिठ्ठीवरचं 'नदी वाचवा' मी काढून टाकलं. टोपल्या तेवढ्याच खपतात.