आईच्या हातांसाठी व्हीआर: आमच्या घरातला अनुभव

आईला पार्किन्सन्स आहे हे आता फोंड्यातल्या आमच्या सगळ्या ओळखीवाल्यांना माहीत आहे, आणि कुणीही भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला, हात अजून थरथरतात का? अहो, थरथर हा तिचा मोठा त्रास नाहीच. हात नुसता मांडीवर असला की ती थरथर दिसते, काही उचलायला गेली की उलट कमी होते. खरा त्रास हात मंद होण्याचा. ब्लाऊजचे हुक, गोळ्यांचं पाकीट फोडणं, बँकेतली सही जी शेवटच्या अक्षरापर्यंत बारीक बारीक होत जाते. डॉक्टर अंगठा आणि तर्जनी भराभर एकमेकांना टेकवायला सांगतात ना, तेव्हा पहिल्या काही वेळा बोटं छान उघडतात, मग प्रत्येक वेळी थोडी कमी, आणि शेवटी नुसती चिकटल्यासारखी होतात.

मेंदूत सबस्टॅन्शिया नायग्रा म्हणून एक भाग आहे, तिथल्या डोपामिन, म्हणजे हालचालींसाठी लागणारं रसायन, बनवणाऱ्या पेशी मरत जातात, आणि मग ज्या हालचाली आपण विचार न करता करतो त्याच आधी बिघडतात. पण बाहेरून काही इशारा मिळाला तर हात-पाय बऱ्याचदा ऐकतात. जमिनीवर पट्टे मारले की अडकलेलं पाऊल पुढे पडतं, हे तर पार्किन्सन्स असलेल्या बऱ्याच घरांत बघितलेलं असेल. व्हीआर म्हणजे डोळ्यांवर हेडसेट लावला की समोर दिसणारं आभासी जग, आणि त्यात मला पटलं ते हेच, की तिथे डोळ्यांसमोर सतत इशारा असतो, इथून उचल, तिथे ठेव, आणि जमलं की लगेच कळतं.

आमच्या फिजिओथेरपिस्टकडे हेडसेट आहे. त्याचे कॅमेरे हातच ओळखतात, बटणांचा कंट्रोलर हातात धरावा लागत नाही, आणि ते बरंच आहे कारण बारकी बटणं दाबणं हाच तर प्रॉब्लेम. आई हातवाल्या खुर्चीत बसते, समोर रंगीत ठोकळे, ते चिमटीत पकडून पेटीत टाकायचे. बोटं पूर्ण उघडली नाहीत तर ठोकळा हातात येतच नाही. मग ती बोटं ताणून ताणून उघडते, जे घरी मी दिवसभर सांगून करत नाही. पहिल्यांदा घातला तेव्हा म्हणाली, "अगो, दिसतंय सगळं पण हाताला काहीच लागत नाही गो!"

आणि माझ्या मते खरी अडचण तीच आहे. हवेतल्या ठोकळ्याला वजन नाही, खरखरीतपणा नाही, निसटायची भीती नाही. एक बोट दुसऱ्याच्या मागे लपलं की कॅमेराही गोंधळतो. स्लोव्हेनियात ल्युब्लियानाला 20 पेशंटवर एक अभ्यास झाला होता, 2019 ला छापून आला, तीन आठवड्यांत 10 सेशन, काहींना हेडसेट आणि काहींना तोच ठोकळ्यांचा खेळ लॅपटॉपवर. हेडसेटवाले खेळात जास्त सुधारले, पण खरे लाकडी ठोकळे हलवायची जी चाचणी असते त्यात लॅपटॉपवाल्यांचाही स्कोअर चांगला वाढला. 20 माणसं म्हणजे थोडीच. कॉक्रेन ही संस्था अनेक अभ्यास एकत्र तपासते, तिच्या 2016 च्या आढाव्यात 8 अभ्यास आणि 263 लोक होते, पण तो मुख्यतः चालणं आणि तोल यावर, हातांवर नाही. म्हणून कुणी "हेडसेट घ्या, हात बरे होतात" असं सांगत असेल तर मला राग येतो, कारण घाबरलेली माणसं अशा बोलण्यावर पैसे टाकतात.

आम्ही काय करतो ते सांगते. हेडसेट काढला, थोडं पाणी प्यायलं की लगेच खऱ्या वस्तू. आईला अबोलीच्या फाती, म्हणजे दोऱ्यात गुंफलेल्या माळा, करायची फार आवड, तर एका ताटात फुलं आणि भिजवलेला केळीचा दोरा. अबोलीचा देठ किती नाजूक असतो बघा, जोरात धरला तर चुरगळतो, हलका धरला तर सुटतो, आणि तो जोर किती लावायचा हे कुठलाच हेडसेट शिकवत नाही. ती दोन फुलं घेते, दोरा मागून फिरवते, तोंडाने मोठ्याने एक-दोन-एक-दोन म्हणते, गाठ ओढते. तो ताल सुटला की बोटं परत मंदावतात, मग थांबायचं, हात झाडायचे, बोटं मोठी उघडायची आणि परत. फात पूर्वीसारखी घट्ट होत नाही, पण देवाला घालण्याइतकी होते आणि ती घालते, मला एवढंच पाहिजे.

वेळ फार महत्त्वाची. लेव्होडोपाची, म्हणजे मेंदूत डोपामिन भरून काढणारी, गोळी लागू पडलेली असते तेव्हाच सेशन ठेवायचं, गोळी उतरलेली असताना नेलं तर ती रडकुंडीला येते आणि शिकणं शून्य. प्रोटीनमुळे गोळी शोषायला अडथळा येऊ शकतो, म्हणून बांगड्याचं हुमण (माशांची आमटी) आणि गोळी एकत्र नको, आमच्या डॉक्टरांनी अंतर ठरवून दिलंय, तुम्ही तुमच्या डॉक्टरांना विचारा. चक्कर, मळमळ झाली तर लगेच बंद. आणि ज्यांना नसलेल्या गोष्टी दिसतात, भास होतात, त्यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय हेडसेट मुळीच घालू नका. उभं राहून तर आम्ही कधीच करत नाही, उठताना बीपी पडतं तिचं.

विकत घ्यायची घाई नको. आधी जिथे असेल तिथे बसवून बघा, जाताना गोळ्यांच्या वेळा कागदावर लिहून न्या, आणि थेरपिस्टला स्कोअर विचारण्याआधी हे विचारा की घरातलं नेमकं कुठलं काम सोपं व्हावं म्हणून आपण हे करतोय, हुक, सही की चमचा.